कपाटाची किल्ली कोणाकडे? नियंत्रित औषधं लिहिण्याचा डॉक्टरांचा अधिकार तातडीने थांबवावा लागतो तेव्हा

गणेश चवथीच्या आधीचा शनिवार. फोंडा तालुक्यातलं एक छोटं रुग्णालय. दुपारी अडीचच्या सुमारास ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर रजिस्टर काखेत धरून औषध विभागात आल्या आणि दार लोटून घेतलं. "मॅडम, फेन्टॅनिलची दोन ॲम्प्यूल कमी भरतायत. परवाही दोन कमी होती, मी म्हटलं मोजण्यात चूक झाली असेल." फेन्टॅनिल म्हणजे भूल देताना वापरतात ते तीव्र वेदनाशामक, सवय लावणारं. रजिस्टर उघडलं तर सगळं जागच्या जागी होतं: तारीख, पेशंटचं नाव, डोस, सही. गडबड एवढीच की ज्या बाईंच्या नावावर ॲम्प्यूल फोडलेलं दाखवलं होतं त्यांना सकाळीच घरी सोडलं होतं. सही होती आमच्या भूलतज्ज्ञांची. सगळ्यात जुने, सगळ्यांचे लाडके.

पुढचे चार तास आम्ही मॅनेजरांच्या केबिनमध्ये बसून चहा प्यायलो. मॅनेजर म्हणाले, पोलिसांना कळवू. सर्जन म्हणाले, आधी मेडिकल कौन्सिलला. मी म्हटलं, एफडीएला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला. थांबवायचं म्हणजे नेमकं काय थांबवायचं आणि तो अधिकार कोणाचा, हे एकालाही ठाऊक नव्हतं. साडेसहाला डॉक्टर नेहमीसारखे आले, कपाट उघडलं, औषध काढलं आणि पुढची केस केली.

हे लिहिलंय ते त्या चार तासांसाठी. मी रुग्णालयातली फार्मासिस्ट, वकील नव्हे. त्यामुळे कायद्याची भाषा जिथे निर्णायक ठरते तिथे वकील गाठाच. पण पहिल्या संध्याकाळी वकील फोन उचलत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका

इंटरनेटवर या विषयाचं काहीही शोधलं की समोर अमेरिका येते. तिथे १९७० च्या कायद्यानुसार मॉर्फिनसारखी औषधं लिहिण्यासाठी डॉक्टरला डीईए या केंद्रीय यंत्रणेकडे वेगळी नोंदणी करावी लागते. लोकांच्या जिवाला तत्काळ धोका आहे असं दिसलं तर ती नोंदणी सुनावणीच्या आधीच स्थगित करता येते, आणि 'तत्काळ धोका' कशाला म्हणायचं याची व्याख्या त्यांनी २०१६ मध्ये कायद्यातच घातली. डॉक्टर डॉक्टरच राहतो, फक्त ही औषधं लिहू शकत नाही.

आपल्याकडे असा वेगळा नंबर नाही. गोव्यातल्या डॉक्टरांचा हा अधिकार चार ठिकाणी विभागलेला आहे. पहिली जागा म्हणजे मेडिकल कौन्सिलची नोंदणी. ती असली की प्रिस्क्रिप्शन लिहिता येतं. दुसरी जागा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, नियमांत आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेन्टॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक मादक औषधं' ठरली. ती ठेवणाऱ्या संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यता घ्यावी लागते आणि ती कोणते डॉक्टर लिहिणार हे नेमून द्यावं लागतं. तिसरी जागा रुग्णालयाने त्या डॉक्टरांना दिलेली कामाची मुभा. चौथी फार्मसीचं लायसन्स, म्हणजे लिहिलेलं औषध प्रत्यक्ष हातात पडण्याची जागा.

या चारही जागी लगाम वेगवेगळ्या हातांत आहेत आणि त्यांचा वेगही वेगळा. कौन्सिल सगळ्यात मोठी, पण सगळ्यात सावकाश. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्याचं कलम ३० सांगतं की कारवाईआधी डॉक्टरांना बाजू मांडायची संधी द्यायची. हे योग्यच आहे, पण शनिवारी दुपारी त्याचा उपयोग नाही. रुग्णालय मात्र स्वतःच्या चार भिंतींपुरतं एका तासात पत्र काढू शकतं. त्यामुळे पहिला लगाम रुग्णालयाने ओढायचा आणि बाकीच्यांना कळवायचं. आम्ही नेमकं उलटं करत बसलो होतो.

खरंच तातडी आहे का

यावर दहा मिनिटं द्या, चार तास नको. माझ्या पाहण्यात तातडीचे प्रसंग चार तऱ्हेचे असतात. डॉक्टर स्वतःच त्या औषधाच्या आहारी गेलेले असणं. पैसे घेऊन कोणालाही गोळ्या लिहून देणं. पॅड किंवा शिक्का चोरीला जाऊन दुसरंच कोणी सही ठोकणं. आणि चौथा, ज्याबद्दल कोणी बोलत नाही: वयामुळे किंवा आजारामुळे डॉक्टरांचा हिशोब सुटत चालणं, एकच डोस दोनदा लिहिला जाणं. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात डॉक्टर गुन्हेगार नसतात, तरी पेन थांबवावं लागतं. म्हणून तुमच्या पहिल्या पत्रात दोषाची भाषा असता कामा नये.

फार्मसीत बसणाऱ्याला सुगावा लागतो तो एच-१ रजिस्टरवरून. शेड्युल एच-१ म्हणजे कडक नोंद ठेवायच्या औषधांची सरकारी यादी, ती मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यातल्या औषधांसाठी वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं: लिहिणाऱ्याचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. ते ३ वर्षं जपायचं असतं. एका म्हापशाच्या मित्राने मला आपल्या रजिस्टरचं एक पान दाखवलं होतं. अल्प्राझोलाम, ३० गोळ्या. खाली तेच. त्याच्या खाली तेच. अकरा ओळी, अकरा नावं, डॉक्टर एकच आणि वेळ सगळी रात्री आठनंतरची. निरनिराळ्या अकरा माणसांना निद्रानाश होऊ शकतो, पण अकरांनाही बरोबर ३० गोळ्यांचा?

तरीही जपून. मानसोपचारतज्ज्ञाच्या बाजूला दुकान असेल तर तुमचं रजिस्टर रोजच असं दिसेल. कॅन्सरच्या डॉक्टरांचं मॉर्फिन महिन्यागणिक वाढतं, कारण पेशंटचं दुखणं वाढतं. नुसता आकडा मोठा आहे म्हणून कोणावर बोट ठेवू नका. नावाचा पेशंट प्रत्यक्षात नसणं, खाडाखोड, फोडलेल्या ॲम्प्यूलचा हिशोब न लागणं, एकाच पेशंटच्या दोन प्रिस्क्रिप्शनवरच्या सह्या न जुळणं: या गोष्टी आकड्यापेक्षा जास्त बोलतात.

पहिला तास

सगळ्यात आधी टेबलावरचा पेशंट. भूल दिलेली असेल तर डॉक्टरांना बाहेर बोलावण्याची घाई करू नका. दुसरे भूलतज्ज्ञ येईपर्यंत औषध सिस्टरने काढून द्यायचं, डॉक्टरांनी कपाटाला हात लावायचा नाही. एवढं सांगायला आवाज चढवायची गरज नसते.

मग मोजणी. दोघांनी करायची: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि या दोघांतला कोणीही त्या कपाटाचा रोजचा मालक नसावा. रजिस्टरमधल्या शेवटच्या नोंदीखाली लाल शाईने आडवी रेघ ओढा. तिच्याखाली तारीख, वेळ, प्रत्येक औषधाची शिल्लक आणि दोन सह्या. व्हाइटनर नको, पान फाडणं नको, 'आधीची चूक दुरुस्त केली' असा शेराही नको. चूक आहे तशी राहू द्या, तोच पुरावा आहे. पानांचे फोटो रुग्णालयाच्या फोनवर काढा, स्वतःच्या नव्हे. त्यात पेशंटांची नावं असतात.

फेन्टॅनिलचं २ मिलीचं ॲम्प्यूल घ्या. त्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. पेशंटला ७० दिलं तर ३० उरतं, आणि ते साक्षीदारासमोर टाकून दिल्याची नोंद हवी. गळती बऱ्याचदा या ३० मधून होते, अख्ख्या ॲम्प्यूलमधूनच होते असं नाही. म्हणून मागच्या महिन्याभराच्या नोंदी काढून 'टाकून दिलं' हा रकाना आधी वाचा. साक्षीदाराची सही रोज एकाच शाईत, एकाच ढंगात, सहा केसेसची एकदम केलेली दिसली तर समजा की ती सही संध्याकाळी चहाच्या वेळी झालेली आहे. आमच्याकडे तशीच होत होती, आणि त्यातल्या काही सह्या माझ्या होत्या. फोडलेली रिकामी ॲम्प्यूल परत घेण्याची पद्धत असेल तर तीही मोजा. न फोडलेल्यांची मान आणि सील उजेडात धरून पाहा. औषध काढून आत सलाईन भरल्याचे प्रकार जगभर घडलेले आहेत.

कुलूप त्याच दिवशी बदला. जुनी किल्ली परत घेणं पुरत नाही, कारण तिची नक्कल कोणाकडे आहे ते तुम्हाला माहीत नसतं. दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन माणसं. डॉक्टरांचे छापील पॅड, रबरी शिक्का आणि संगणकाचं लॉगिन या तीन गोष्टी लोक हमखास विसरतात. पॅडवर अनुक्रमांक असतील तर शेवटचा वापरलेला क्रमांक लिहून ठेवा. नसतील तर पुढच्या छपाईला घाला.

आता पत्र. मेडिकल सुपरिटेंडेंट किंवा मालक यांच्या सहीने, त्याच दिवशी, वेळेसकट. व्यवहारात हे इंग्रजीत निघतं, पण मजकूर असा असावा:

"दि. ____ रोजी दुपारी ____ वाजल्यापासून डॉ. ____ यांना या रुग्णालयात सोबतच्या यादीतली औषधं लिहिण्यास, मागवण्यास, कपाटातून काढण्यास, देण्यास व टाकून देण्यास पुढील लेखी आदेशापर्यंत मनाई करण्यात येत आहे. हा आदेश चौकशीपुरता असून त्यात कोणताही दोष ठरवलेला नाही. त्यांच्या पेशंटांच्या या औषधांची जबाबदारी आजपासून डॉ. ____ यांच्याकडे राहील."

यातल्या तीन गोष्टींवर अडून राहा. 'टाकून देण्यास' हा शब्द का, ते वर आलंच आहे. शेवटचं वाक्य नसेल तर पत्र बाहेर जाऊ देऊ नका. आणि यादी. 'शेड्युल एच-१ ची सर्व औषधं' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो, पण त्या शेड्युलमध्ये झोपेच्या आणि दुखण्याच्या औषधांबरोबर क्षयरोगाची औषधंही आहेत: रिफाम्पिसिन, आयसोनायझिड, एथाम्ब्युटोल, पायराझिनामाइड. मेरोपेनेमसारखी अँटिबायोटिक्सही त्यातच. सरसकट मनाई केली तर वॉर्डातल्या क्षयरोग्याचा डोस चुकेल आणि तुम्हाला ते तीन दिवसांनी कळेल. औषधांची नावं एकेक करून लिहा. साधारण यादीत मॉर्फिन, फेन्टॅनिल, पेन्टाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन, ट्रामाडोल, कोडीन, केटामाइन, मिडाझोलाम, डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, फेनोबार्बिटोन, मिथाइलफेनिडेट एवढी नावं येतात. आपल्या कपाटात जे आहे त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

पत्र देताना डॉक्टरांना एकटं बोलवा, पण नंतर एकटं सोडू नका. ज्या डॉक्टरची अशी गोष्ट उघडी पडते त्याच्या मनात जीव देण्याचे विचार येऊ शकतात, आणि जिवावर बेतणारी औषधं कोणती हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? घरच्या माणसाला बोलावून घ्या, गाडी दुसऱ्याला चालवू द्या, रात्री फोन करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक डॉक्टरांसाठीही आहे.

कळवायचं कोणाला

इथे गोव्याची एक खास गंमत. बांबोळीला कोणी 'जीएमसीत गेलोय' म्हणालं की आपण गोवा मेडिकल कॉलेज समजतो. गोवा मेडिकल कौन्सिलची आद्याक्षरंही तीच. लिफाफ्यावर पूर्ण नाव लिहा. अन्न व औषध प्रशासन संचालनालयही बांबोळीलाच, होली क्रॉसच्या श्राइनसमोर 'धन्वंतरी' इमारतीत. एकाच फेरीत दोन पत्रं देऊन येताना अदलाबदल होणं अजिबात अवघड नाही.

साठ्यात तूट असेल, रजिस्टर खोटं असेल, मान्यताप्राप्त संस्था म्हणून घेतलेल्या मॉर्फिन किंवा फेन्टॅनिलचा प्रश्न असेल, तर एफडीए. नेमलेले डॉक्टर बदलले हेही त्यांना लेखी कळवा. डॉक्टरांच्या वागण्याचा प्रश्न असेल तर कौन्सिल. चोरी, खोट्या सह्या किंवा विक्री असेल तर पोलीस. गोवा पोलिसांचा अमली पदार्थविरोधी विभाग आहेच, पण हरवलेल्या पॅडची नोंद जवळच्या पोलीस ठाण्यातही होते. ती त्याच दिवशी करून प्रत घ्या, कारण पुढे त्या पॅडवर काही लिहिलं गेलं तर डॉक्टरांना वाचवणारा कागद तोच. दंतवैद्य असतील तर त्यांची डेंटल कौन्सिल, पशुवैद्य असतील तर त्यांची व्हेटरनरी कौन्सिल. केटामाइन त्यांच्याकडेही असतं.

आपल्याकडचे भूलतज्ज्ञ सकाळी फोंड्याला, दुपारी मडगावला आणि रात्री सिझेरियनसाठी आणखी कुठे, असे फिरत असतात. तुमच्या पत्राने तुमचंच कपाट बंद होतं. बाकीच्या ठिकाणी मग काय? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर नाव टाकायचं नाही, हे पक्कं. आरोप सिद्ध झालेला नसतो आणि अब्रूनुकसानीचा दावा झाला तर तुमची बाजू लंगडी पडते. कौन्सिलला आणि एफडीएला दिलेल्या पत्रातच लिहा: 'आमच्या माहितीप्रमाणे डॉक्टर इतर रुग्णालयांतही काम करतात, तिथे कळवण्याची विनंती.' डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र किंवा कर्नाटकातली असेल, आणि गोव्यात अशी बरीच मंडळी आहेत, तर त्या राज्याच्या कौन्सिललाही प्रत पाठवा.

कौन्सिलकडून काय मिळू शकतं

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांच्या वर्तनाचे नवे नियम काढले आणि २३ ऑगस्टला तेच स्थगित ठेवले. त्यामुळे अजूनही २००२ चे नियम चालतात. त्यात ८.५ नावाचा एक ओळीचा नियम आहे: तक्रार चालू असताना, ज्या प्रक्रियेची किंवा कामाची छाननी चालली आहे तेवढं काम करण्यापासून कौन्सिल डॉक्टरांना रोखू शकते. अमेरिकेच्या तातडीच्या स्थगितीला आपल्याकडे सगळ्यात जवळचं उत्तर म्हणजे ही ओळ, आणि तक्रार करणाऱ्यांपैकी फार थोडे ती मागतात. बहुतेक जण 'नोंदणी रद्द करा' असं लिहून पाठवतात. तो निर्णय व्हायला महिने लागतात. तोवर पेन चालूच.

म्हणून तक्रारीत दोन मागण्या वेगळ्या करा. एक, चौकशी. दोन, चौकशी होईपर्यंत नियम ८.५ खाली अमुक औषधं लिहिण्यावर मनाई. दुसऱ्या मागणीला कारणं द्या: शेवटची घटना कधीची, पुन्हा घडण्याची शक्यता का वाटते, कोणाला धोका. तारखांचा एक साधा तक्ता सोबत जोडा. 'डॉक्टर व्यसनी आहेत' हे वाक्य तुम्ही लिहायचं नाही. 'या तारखेला या पेशंटच्या नावावर दोन ॲम्प्यूल काढली गेली, पेशंटला त्याआधी घरी सोडलेलं होतं' एवढं लिहायचं. बाकी कौन्सिलला कळतं. गरज नसताना मनावर परिणाम करणारी औषधं लिहिणं हे त्या नियमांत गैरवर्तन म्हणून नमूद आहे, त्याचा उल्लेख करा.

सुनावणीची सूचना थोड्या मुदतीची काढता येईल का, हे विनंतीत विचारायला हरकत नाही. तक्रारीचा निकाल ६ महिन्यांत लावायचा, असं नियम सांगतात.

काउंटरवर

आदेश निघाला आणि त्याच संध्याकाळी त्याच डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन घेऊन कोणी काउंटरवर उभं राहिलं. काय कराल? कौन्सिलने नोंदणीच स्थगित केली असेल तर त्या तारखेनंतरची त्यांची सही म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरची सही नव्हे. औषध देता येत नाही. फक्त ठराविक औषधांची मनाई असेल तर ती सोडून बाकीची द्या. रक्तदाबाची गोळी अडवून ठेवू नका. आदेशाच्या आधीच्या तारखेचं असेल तर मी काय करते ते सांगते: तारीख खरी वाटते का पाहते, आधीच्या खरेदीची नोंद शोधते, शंका असेल तर एफडीएच्या इन्स्पेक्टरना फोन करते आणि उत्तर लिहून ठेवते. मागची तारीख टाकून लिहिलेलं ओळखता येतं. शाई ताजी असते आणि कागदाला खिशातली घडी नसते.

एरवीही प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांची सही आणि तारीख, पेशंटचं नाव आणि पत्ता, एकूण किती औषध आणि डोस हे सगळं असायलाच हवं. शेड्युल एक्स, म्हणजे एच-१ पेक्षाही कडक यादी, त्याचं प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत, एक तुमच्याकडे २ वर्षं. हे सगळ्यांना पाठ असतं आणि गर्दीच्या वेळी सगळे विसरतात. दुकानाचाच हात असल्याचा संशय आला तर इन्स्पेक्टर तो साठा २० दिवसांपर्यंत विकू नका असा लेखी हुकूम देऊ शकतात. लायसन्स स्थगित किंवा रद्द करायचं तर कारणे दाखवा नोटीस द्यावीच लागते. त्यावर ३ महिन्यांत राज्य सरकारकडे अपील आहे.

ज्यांच्या गोळ्या उद्या संपणार आहेत

या विषयावरच्या सूचना जवळजवळ सगळ्या डॉक्टरांवर संपतात, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. वर्षानुवर्षं क्लोनाझेपाम घेणारी सांखळीची आजी, मॉर्फिनवर शेवटचे महिने काढणारा काणकोणचा माणूस, यांनी काय केलंय? डॉक्टर खोटे असतील, दुखणं खरं असू शकतं. आणि ज्यांना डॉक्टरांनीच सवय लावली त्यांचं शरीर तर त्या औषधावर सगळ्यात जास्त अवलंबून असतं.

आदेश निघाल्यापासून दोन दिवसांत पेशंटांची यादी तयार हवी. संगणकात नसेल तर रजिस्टरवरून काढा. मग तिची तीन ढिगांत वाटणी करा. पहिला ढीग झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांचा, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम वगैरे, आणि फेनोबार्बिटोन. या गोळ्या बरेच महिने रोज घेणाऱ्याने अचानक सोडल्या तर झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतात. अल्प्राझोलामसारख्या लवकर उतरणाऱ्या औषधात हे एक-दोन दिवसांतच सुरू होतं, डायझेपामसारख्यात आठवडाही लागतो. म्हणून 'चार दिवस झाले, काही झालं नाही' यावर विसंबू नका. फिट्ससाठी क्लोनाझेपाम किंवा फेनोबार्बिटोन घेणारे या ढिगाच्या अगदी वर.

दुसरा ढीग मॉर्फिन, ट्रामाडोल, ब्युप्रेनॉर्फिन यांचा. ही तुटली तर अंग मोडणं, जुलाब, घाम, जीव नकोसा होणं. धडधाकट माणूस यातून सहसा मरत नाही, पण पुढचा धोका मोठा असतो. काही दिवस खंड पडला की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि मग जुनाच डोस एकदम घेतला तर श्वास थांबू शकतो. कॅन्सरच्या पेशंटला तर एक दिवसही थांबवायचं नाही. तिसरा ढीग मिथाइलफेनिडेट घेणाऱ्या मुलांचा. काळजी हवीच, पण आठवडाभरात वेळ मिळाली तरी चालतं.

पहिल्या दोन ढिगांना फोन करा. पत्र पोचेपर्यंत गोळ्या संपतात. फोनवर कारण सांगायची गरज नाही. 'डॉक्टर सध्या हे औषध लिहू शकत नाहीत, तुमची सोय अमुक ठिकाणी केली आहे, औषध स्वतःहून बंद करू नका' एवढं पुरे. वयस्कर माणसाशी कोकणीतच बोला आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला फोनवर घ्या. आमच्या यादीतल्या एका आजोबांनी "दोतोर ना? तर गुळी बंद" असं म्हणून फोन ठेवला होता. त्यांच्या सुनेला परत फोन करावा लागला.

सोय कुठे? मानसिक आजार आणि व्यसन यांसाठी बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था, म्हणजे आपली आयपीएचबी. दुखणं आणि कॅन्सरसाठी गोवा मेडिकल कॉलेज. दूरच्यांसाठी आधी म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा रुग्णालय. नुसतं 'तिकडे जा' म्हणू नका. हातात चिठ्ठी द्या: निदान, औषध, डोस, किती काळापासून, शेवटची खरेदी कधी. नव्या डॉक्टरांना समोरचा माणूस खरा पेशंट आहे की गोळ्या शोधत फिरणारा, हे ओळखायला ही चिठ्ठीच लागते. पेशंटने आपले कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे, असं २००२ च्या नियमांतच आहे. रुग्णालयाने 'चौकशी चालू आहे' म्हणून फाइल अडवू नये. झेरॉक्स द्या, मूळ ठेवा.

नव्या डॉक्टरांनी एकदम महिन्याचं लिहू नये, आणि एकदम शून्यावरही आणू नये. आठ-आठ दिवसांचं देऊन, पाहून, मग डोस उतरवायचा की चालू ठेवायचा ते ठरवावं. ऑनलाइन डॉक्टर गाठून हे औषध मिळवायचा खटाटोप बहुतेक वेळा फुकट आहे. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शेड्युल एक्सची आणि एनडीपीएसची बहुतेक औषधं फोनवरून लिहिता येत नाहीत. घरी जुना साठा असलेल्यांनी घाबरून तो फेकू नये. प्रिस्क्रिप्शन असेल तर स्वतःच्या उपचारासाठी मनावर परिणाम करणाऱ्या औषधांचे १०० डोस जवळ ठेवता येतात, दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी तसं खास लिहिलं असेल तर ३०० पर्यंत. मूळ कागद गोळ्यांसोबत ठेवा.

पत्र तुमच्याच हातात पडलं तर

डॉक्टरांसाठी थोडक्यात. पत्र घ्या, पोच द्या, वेळ लिहा. त्या क्षणापासून यादीतलं एकही औषध लिहू नका, मागच्या तारखेने तर नाहीच, आणि मित्राच्या पॅडवर लिहून घेऊ नका. मूळ आरोपातून सुटलेली माणसं या दुसऱ्या गोष्टीत अडकतात. नोंदी नीट करायला जाऊ नका. ३ वर्षांच्या फाइली जशाच्या तशा राहू द्या. आदेश गरजेपेक्षा रुंद असेल तर तो अरुंद करून मागा. त्वचारोगतज्ज्ञाला मॉर्फिनची मनाई झाली तर काही बिघडत नाही, पण फिट्सवर उपचार करणाऱ्याला क्लोनाझेपाम बंद म्हणजे दवाखानाच बंद. दुसऱ्या डॉक्टरांच्या सहीची अट घालून सवलत मागता येते.

कौन्सिलच्या निर्णयावर आयोगाच्या नीतिमत्ता व नोंदणी मंडळाकडे अपील, त्यावर ६० दिवसांत खुद्द आयोगाकडे. ऐकूनच न घेता आदेश काढला असेल तर पर्वरीला उच्च न्यायालय आहे.

आणि औषधाची सवय तुम्हालाच लागली असेल तर सुनावणीची वाट न पाहता उपचार सुरू करा. एनडीपीएसच्या कलम ६४अ मध्ये, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या आणि थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यांतून सूट आहे. खोट्या नोंदी आणि चोरी त्यात बसत नाहीत, हे वकिलाकडून समजून घ्या. कौन्सिलसमोर मात्र तीन महिन्यांचे उपचाराचे कागद आणि नुसतं 'यापुढे होणार नाही' यांत फार फरक पडतो.

किल्ली परत देताना

परवानगी परत मिळाली की सगळं पहिल्यासारखं होतं असं नाही, होऊही नये. लेखी आदेशाने थांबवलं होतं, तेव्हा लेखी आदेशानेच सुरू करायचं, औषधांच्या त्याच यादीसकट. आधी थोडी औषधं, मग बाकीची. पॅड नवं, अनुक्रमांकांचं. एफडीएला पुन्हा कळवायचं, कारण आधी नाव काढलेलं असतं.

आमचे डॉक्टर दीड वर्षाने परत आले. किल्ली त्यांना आजही मिळालेली नाही. ती सिस्टरकडे आणि माझ्याकडे असते. औषध काढून सिस्टर देतात. केस झाली की ते उरलेलं औषध सिरिंजमध्ये घेऊन थिएटरच्या दाराशी उभे राहतात आणि मला हाक मारतात. मी येते, आकडा वाचते, ते बेसिनमध्ये सोडतात, आणि मग मी सही करते. केस रात्री दोनला संपली तरी.